नक्कल आणि तोतया

‘नक्कल’ हा शब्द मराठीत बहुधा नाक मुरडूनच उच्चारला जातो. एखाद्या लेखकावर ‘ही नक्कल आहे’ असा शेरा पडला की खटला तिथल्या तिथे निकालात निघतो. पण ह्याच भाषेत ‘प्रत’ असाही एक शब्द आहे आणि त्याच्या वाट्याला मोठा मान आलेला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तिची गणना आपण त्यांच्या पुण्यकर्मांत करतो. त्यात त्यांनी स्वतःचे नवे काही घातले नाही, हाच तर तिचा मोठेपणा. ह्या दोन शब्दांच्या शेजारी तिसरा एक शब्द उभा आहे, तो म्हणजे ‘तोतया’. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचे नाव सांगणाऱ्या इसमाने कोकणातले किल्ले ताब्यात घेण्यापर्यंत मजल मारली आणि अखेर १७७६ साली त्याला देहान्त शासन झाले. प्रतही मुळासारखी असते, नक्कलही असते आणि तोतयाही असतो. मग एकीला आपण देव्हाऱ्यात ठेवतो, दुसरीला हसतो आणि तिसऱ्याला शिक्षा करतो, ती कोणत्या न्यायाने?

हा प्रश्न टीकाशास्त्रातला आहे. ऐतिहासिक कादंबऱ्या, नाटके आणि चित्रपट ह्यांचे पीक ज्या समाजात दरसाल येते, त्या समाजाला तो टाळता येण्यासारखा नाही. परंतु पुस्तकांच्या प्रांतात हा वाद घातला की शब्दांनी शब्द झाकले जातात आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे ठरते. म्हणून मी तो ह्या वेळी एका लोखंडी वस्तूवर घासून पाहणार आहे. दिवाळी अंकाच्या पानावर बंदूक पाहून वाचक क्षणभर चकित होतील. पण लोखंडाचा एक मोठा गुण आहे. ते कोणाची भीड धरत नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात माझे काही वर्षे वास्तव्य होते. त्या काळात मी १८५३ च्या एन्फील्ड रायफलची एक आधुनिक प्रतिकृती विकत घेतली. तिकडे ही गोष्ट फारशी अवघड नाही. १८९८ किंवा त्याआधीची शस्त्रे आणि ठासणीच्या बंदुकांच्या नव्या प्रतिकृती ह्यांना १९६८ च्या संघीय कायद्याने बहुतांशी ‘पुरातन’ ह्या सदरात टाकलेले आहे. आपल्याकडे ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतो, हे मात्र वाचकांनी विसरू नये. तिथे यादवी युद्धाच्या लढायांचे प्रयोग करणारे हजारो हौशी लोक आहेत. गेटिसबर्गच्या मैदानावर जो कापसाच्या नव्हे तर लोकरीच्या गणवेशात भर जुलैमध्ये घाम गाळतो, त्याला हातातली बंदूकही तशीच हवी असते. यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ ह्या काळात साजरी झाली आणि ह्या हौसेला उधाण आले. इटलीत ब्रेशियाजवळच्या गार्दोने व्हाल ट्रोम्पिया ह्या खोऱ्यात शेकडो वर्षे बंदुका घडत आल्या आहेत. जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृतींचा धंदा तिथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस उभा राहिला आणि आजही जगाला ह्या वस्तू मुख्यतः तेच खोरे पुरवते. चांगल्या एन्फील्डला हजार डॉलरांच्या पुढे मोजावे लागतात. म्हणजे खेळणे म्हणून घेण्याची ही वस्तू नव्हे.

माझे आकर्षण मात्र गेटिसबर्गचे नव्हते. एन्फील्ड हे नाव भारतीय माणसाच्या कानावर पडते ते १८५७ च्या काडतुसांमुळे. ज्या काडतुसांच्या चरबीवरून एवढा डोंब उसळला, ती काडतुसे ज्या बंदुकीसाठी होती ती बंदूक हातात घेतल्यावर कशी लागते, हे मला पाहायचे होते. अस्सल बंदूक घेण्याची ऐपत नव्हती, आणि दीडशे वर्षांच्या वस्तूत दारू ठासून बार काढण्याचे धाडसही नव्हते. तेव्हा प्रतिकृती पत्करली, पण ती पारखून घ्यायची असे ठरवले. ही पारख करताना पहिलाच अडथळा आला तो तात्त्विक स्वरूपाचा.

कोणत्या मुळाशी ताडून पाहायचे? ‘पॅटर्न १८५३’ ह्या नावातच गंमत आहे. इंग्रज सरकार एक नमुना मंजूर करी, त्याच्यावर मोहोर लावून तो जपून ठेवी आणि बाकी सर्व बंदुका त्या नमुन्याबरहुकूम घडवल्या जात. म्हणजे शिपायाच्या खांद्यावरची प्रत्येक ‘अस्सल’ एन्फील्ड ही मुळात एक प्रतच होती! एन्फील्डच्या सरकारी कारखान्यात अमेरिकेतून यंत्रे आणून अशी सोय करण्यात आली की एका बंदुकीचा भाग दुसरीला चालावा. उलट बर्मिंगहॅम आणि लंडनच्या खासगी कारागिरांकडच्या बहुतेक बंदुका हाताने घासून जुळवलेल्या असत, त्यामुळे एकीचा घोडा दुसरीला बसेलच असे नसे. पुढे १८६१ नंतर अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांनी लाखांनी ज्या एन्फील्ड विकत घेतल्या त्या बहुतांशी ह्या हातजुळणीच्याच होत्या. ज्या देशाने यंत्रे दिली त्याच देशाला हातकाम विकले गेले! तेव्हा ‘ही प्रत आहे’ एवढ्याने माझ्या बंदुकीचा कमीपणा सिद्ध होत नव्हता. आज्ञेबरहुकूम उतरली की नाही, एवढाच प्रश्न उरत होता.

आता प्रत्यक्ष वस्तूकडे वळू. बंदूक सुमारे साडेचार फूट लांब आणि नऊ-साडेनऊ पौंड वजनाची. नळी एकोणचाळीस इंच. तिला दस्त्याशी बांधणाऱ्या तीन लोखंडी कड्या. चापाभोवतीची कमान आणि दस्त्याच्या टाचेची पट्टी पितळेची. दुकानात काउंटरवर ठेवली की कोणीही ‘वा!’ म्हणावे अशी. दर्शनी भागाची नक्कल करणे आता कठीण राहिलेले नाही आणि म्हणूनच दर्शनी भागावरून निकाल देणे हा टीकाकाराचा आळस होय.

मी पहिल्यांदा पाहिले ते लाकूड. मूळ बंदुकीला अक्रोडाचे लाकूड आणि त्यावर तेल मुरवलेले असे. ह्या लाकडाला झळाळी नसते, हात फिरवला की एक प्रकारची ऊब लागते. प्रतिकृतींना पुष्कळदा चकचकीत रोगण फासलेले असते आणि मनगटाच्या जागी, म्हणजे उजवी मूठ जिथे बसते तिथे, लाकूड गरजेपेक्षा जाड ठेवलेले असते. कारण उघड आहे. यंत्राने कापून सोडून दिले की ते जाडच राहते. बारीक करायला माणसाचा हात आणि वेळ लागतो. माझ्या बंदुकीत हा दोष होता. दोष लहान खरा, पण बोलका. ज्या शिपायाला दिवसभर ती वाहायची होती, त्याचा विचार मूळ कारागिराला करावा लागला होता. नक्कल करणाऱ्याने तो केलेला नव्हता.

मग मी कड्या सैल करून नळी दस्त्यातून वेगळी काढली. वस्तूची परीक्षा तिच्या झाकलेल्या अंगावर होते असे माझे मत आहे. शिवलेल्या कपड्याची होते तशी. नळीखालची खाच स्वच्छ कापलेली होती आणि नळी तिच्यात सबंध लांबीभर टेकून बसत होती. चापयंत्राची पट्टी लाकडात अशी बसली होती की नखही शिरू नये. यंत्र उघडले, आतली मुख्य कमान आणि घोड्याला फिरवणारा गोळा ह्यांच्यामध्ये मुळात असतो तसा छोटा दुवा होता. त्याच्यामुळे घोडा ओढताना हिसका बसत नाही. अर्ध्या खटक्यावर घोडा ठेवून चाप दाबून पाहिला, घोडा हलला नाही. पूर्ण खटक्यावरून सुटला तेव्हा तो टोपीच्या टोकावर नेमका मध्यभागी पडला. इथे कारागिराने मन लावले होते. हे कोणाला दिसणार नाही हे माहीत असूनही लावले होते आणि त्याबद्दल मी त्याला मनोमन हात जोडले.

सर्वांत महत्त्वाची परीक्षा नळीच्या आत. ५७७ हजारांश इंच व्यासाच्या त्या नळीत मुळात तीन चर असत. ते अठ्ठ्याहत्तर इंचांत एक फेरा घेत, आणि पुढे त्यांची खोली दारूच्या टोकाशी जास्त व तोंडाशी कमी ठेवू लागले. ह्यामागे मोठी युक्ती होती. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे म्हणून ती सहज ठासता येई. बार झाला की धक्क्याने शिसे फुगे आणि चरांना धरी. चर पुढे उथळ होत गेल्याने ती पकड शेवटपर्यंत सैल पडत नसे. भरताना सैल आणि सुटताना घट्ट, हे त्या बंदुकीचे सगळे मर्म. पुष्कळ नकलांत चरांची खोली सारखीच ठेवतात आणि पीळ अठ्ठेचाळीस इंचांचा देतात. तसे घडवणे सोपे पडते आणि गोळी जातही नाही असे नाही. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीने १९७० च्या दशकात तीन कड्यांची एन्फील्ड काढली तेव्हा मात्र तीन चर, अठ्ठ्याहत्तर इंचांचा पीळ आणि उतरती खोली हे सारे पाळले होते. जाणकार लोक त्या बंदुका आजही शोधत फिरतात ते उगीच नव्हे. माझ्या बंदुकीत तीन चर होते, पीळ घाईचा होता आणि खोली एकसारखी होती. म्हणजे तिने अक्षर गिरवले होते, पण वाक्याचा अर्थ तिला पुरता लागला नव्हता.

गोळीबाराच्या मैदानावर ह्याची प्रचिती आली. पन्नास यार्डांवर ती सातत्याने वर मारी, कारण नळीच्या तोंडावरची माशी आखूड होती. हा दोष ह्या जातीच्या प्रतिकृतींत नेहमी आढळतो. परंतु गोळ्यांचा पुंजका आटोपशीर पडे. धूर, गंधकाचा वास, खांद्यावर बसणारा धक्का. मिनिटाला तीन बार काढताना घाम फुटावा अशी ती ठासण्याची कवायत. हे सगळे खरे होते. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा म्हणजे नेमके काय, हे शंभर पाने वाचून मला कळले नव्हते ते ओठांवर दारूची खारट चव लागली तेव्हा कळले. तेथे चरबी असती तर ती कुठे लागली असती, हे मग कोणी सांगावे लागत नाही. चांगली प्रत जी देणगी देते ती हीच. मूळ वस्तूचे रूप तिच्या कामातून उमलले होते. प्रतीने ते काम केले की रूप आपोआप बोलू लागते.

आता तोतयाकडे येतो. प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींत एक रीत आहे. नव्या बंदुकीवर कारखान्याचे नाव, क्रमांक, ‘फक्त काळी दारू वापरा’ अशी सूचना आणि कसोटीचे शिक्के असतात. इटलीत तयार झालेल्या प्रत्येक नळीत तेथील सरकारमान्य संस्थेत कसोटीचा बार काढतात आणि ताऱ्याखाली अक्षरे व वर्षाची खूण उमटवतात. ही चिन्हे डोळ्याला खुपतात म्हणून काही लोक ती घासून काढतात, त्या जागी जुन्या कारखान्यांचे शिक्के मारतात आणि लोखंडाला गंज चढवून ते पुसून काढतात, की वस्तू दीडशे वर्षांची भासावी. मला स्वतःला दुकानदाराने असे ‘संस्कार’ करून देण्याची तयारी दाखवली होती. मी नको म्हटले.

ह्या लोकांची बाजू मी तुच्छतेने बाजूला सारणार नाही. ते म्हणतात, प्रेक्षकाला १८६३ चा शिपाई दाखवायचा असेल तर त्याच्या हातात इटलीचा पत्ता लिहिलेली बंदूक कशी चालेल? त्यांच्यातले प्रामाणिक लोक क्रमांक आणि कसोटीचे शिक्के नळीच्या खालच्या अंगाला, लाकडाआड, जपून ठेवतात. रंगभूमीवर रंग लावणे हा गुन्हा नव्हे. पण लावलेल्या रंगाची उतरवण्याची सोय राहिली पाहिजे. खूण समूळ नाहीशी झाली की आज मित्राला मित्र म्हणून विकलेली बंदूक उद्या त्याच्या वारसाकडून परक्याला अस्सल म्हणून विकली जाते, आणि पन्नास वर्षांनी ती एखाद्या संग्रहात पुरावा होऊन बसते. नुकसान एका गिऱ्हाइकाच्या पैशाचे नसते. भूतकाळाविषयीची आपली साक्षच भ्रष्ट होते. शिवाय ह्या ‘जुने’ करण्यात एक गाढव चूक आहे. १८५७ सालच्या शिपायाच्या हातात बंदूक जुनी नव्हती, कोरी होती! काळोखी, गंज आणि ओरखडे हे आपल्या आणि त्याच्या मधल्या वर्षांचे आहेत, त्याचे नव्हेत. जो नकलाकार वस्तूला नवी ठेवतो तो मुळाच्या अधिक जवळ असतो.

दुसरी जात नुसत्या आकाराची. भारतात घडवलेल्या, अमेरिकेत जाणाऱ्या चकमकीच्या बंदुका मी तिथल्या मेळाव्यांतून पाहिल्या. अक्रोडाऐवजी सागवान किंवा शिसवी लाकूड; आणि नळीला कानच नाही. जुन्या मराठीत तोफेच्या ज्या छिद्राला बत्ती देत त्याला ‘कान’ म्हणत. शत्रूच्या हाती जाणारी तोफ निकामी करायची तर त्याच कानात खिळा ठोकत. ह्या बंदुकांचे कान जन्मतःच बंद, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती शोभेची वस्तू. पुढे गिऱ्हाईक स्वतःच्या जबाबदारीवर ते छिद्र पाडून घेते. कानच नसलेल्या नळीत कसोटीचा बार निघत नाही, हे सांगायला नको. आमच्या कारागिरांच्या हातात कसब नाही असे मी म्हणणार नाही, घडणावळ पाहिली तर ती दिसते. पण जिला कधी बोलायचेच नाही अशी वस्तू घडवताना त्या कसबाला तिच्या आतल्या अंगाची काळजी घेण्याचे कारण उरत नाही.

इथे इतिहासाने एक विलक्षण दृष्टान्त ठेवून दिलेला आहे. १८५७ च्या उठावानंतर हिंदी पलटणींच्या हातात रायफल देण्याचा इंग्रजांना धीर होईना. तेव्हा त्यांनी १८५३ च्याच धर्तीची एक बंदूक काढली. बाह्य घाट तोच, दस्ता तोच, घोडा तोच; फक्त आतले चर काढून नळी गुळगुळीत केली आणि व्यास ६५६ हजारांशांपर्यंत वाढवला. पहिल्या घडणीत नळीच्या भिंती पातळ पडल्या, म्हणून १८५९ च्या नमुन्यात त्या जाड केल्या. नऊशे यार्डांची शिडी असलेल्या पल्लादर्शकाऐवजी एक साधा ठोकळा बसवला. लांबून पाहणाऱ्याला दोन शिपायांच्या खांद्यावर सारखीच बंदूक दिसावी. एकाची गोळी नेम धरून शेकडो यार्ड जाई, दुसऱ्याचा शंभर यार्डांपलीकडे भरवसा नसे. अविश्वास एवढ्या नेमकेपणाने लोखंडात कोरलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. रूप सगळे द्यायचे आणि मर्म तेवढे काढून घ्यायचे, ह्याचे हे सरकारी मोहोरेचे उदाहरण आहे.

आमच्या पुष्कळशा ऐतिहासिक वाङ्मयाची आठवण मला ह्या गुळगुळीत नळीने करून दिली. पगडी, अंगरखा, ‘जी सरकार’, बखरीतली चार क्रियापदे हा सगळा दर्शनी घाट बिनचूक असतो. पण त्या काळाच्या माणसाला काय कठीण जात होते, त्याला कशाची भीती होती, एखादा निर्णय घेताना त्याच्यापुढे खरोखर किती वाटा होत्या, हा आतला पीळ काढून टाकलेला असतो. मग गोळी जवळच्या जवळ पडते. वर लेखक त्या भाषेवर गंज चढवतो आणि वाचक त्या गंजालाच इतिहास समजतो. शिवकालातल्या माणसाला त्याची भाषा जुनी वाटत नव्हती, हे किती लेखकांनी ध्यानात घेतले आहे?

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरण नेपाळचे. तिथल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात एन्फील्डच्या नकला हाताने घडवल्या. त्या राज्याला सैन्यासाठी बंदुका हव्या होत्या म्हणून घडवल्या, कोणाला फसवण्यासाठी नव्हे. काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला जुना साठा २००३ मध्ये परदेशी व्यापाऱ्यांनी विकत घेतला तेव्हा इंग्रजी बंदुकांबरोबर ह्या बंदुकाही बाजारात आल्या. माप थोडे इकडेतिकडे, खुणा वेगळ्या. पण त्यांना आज कोणी नक्कल म्हणून हिणवत नाही. त्यांनी आपले नाव लपवले नाही आणि काम टाळले नाही. काळाने त्यांना अस्सलपणा बहाल केला.

तेव्हा माझा निकाल असा. प्रतीची पारख तीन प्रश्नांनी करावी. मूळ वस्तू जे काम करी ते ती करते का? झाकलेल्या अंगावर कारागिराने मन लावले आहे का? आणि आपले स्वतःचे नाव व साल ती उघड सांगते का? पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले तर ती भिंतीवरची शोभा. दुसऱ्याला आले तर हलकी नक्कल. तिसऱ्याला आले तर बाकी दोन्ही गुण असूनही ती तोतया, आणि जितकी चांगली तितकी अधिक घातक. माझी बंदूक पहिल्या कसोटीला बऱ्यापैकी उतरली, दुसरीत चापयंत्राने तिची लाज राखली आणि मनगटाने घालवली, आणि तिसरीत ती पूर्ण गुणांनी उत्तीर्ण झाली. माशी मी बदलून उंच बसवली. लाकडावरचे रोगण उतरवून तेल मुरवले. कसोटीचा शिक्का मात्र नळीवर आहे तसाच ठेवला. आता ती बंदूक दुसऱ्याच्या घरी आहे. त्या घरात पुढे कोणी ती हातात घेतली तर तो शिक्का वाचून ही केव्हा आणि कुठे झाली, हे त्याला कोणाला विचारावे लागणार नाही.